रेषेबाहेरचा ठिपका

बोलोन्या, ३ मार्च १९८७

श्री. स्कारानी यांस,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे कळल्यावर तुम्ही ते न वाचता फेकाल, असं क्षणभर वाटलं होतं. पण तुमचा स्वभाव मी विसरलेले नाही. तुम्ही आधी दोनदा वाचाल आणि मग फेकाल. माझं काम तेवढ्यात होईल.

उत्तरेकडच्या एका गटानं आपली रेषा छापली आहे. आपली म्हणजे तीच: ज्या सर्पिल दीर्घिकेतली धूळ अवरक्त प्रकाशात जास्त तेजस्वी, ती रेडिओ लहरींतही त्याच प्रमाणात तेजस्वी. त्यांच्याकडे दीर्घिका आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत आणि ठिपके आपल्याइतकेच रेषेला चिकटून. अंक ग्रंथालयात आला त्या दिवशी प्रोफेसर मालागुतींनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कॉफी प्यायला निघून गेले. संचालक माणूस तोंडानं काही बोलत नाही तेव्हा जास्त बोलत असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून तुम्ही सुटलात असं मात्र समजू नका. झालेलं मी पुन्हा एकदा क्रमानं लिहिते, म्हणजे आपल्या दोघांत निदान घटनांबद्दल वाद राहणार नाही.

१९८५च्या शरदात मी इथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीवरून चव्वेचाळीस दीर्घिकांची रेडिओ तेजस्विता मोजली. तुम्ही उपग्रहाच्या फितींवरून त्याच दीर्घिकांची अवरक्त तेजस्विता काढत होता. एकमेकांचे आकडे पाहायचे नाहीत असं ठरलं होतं, कारण पाहिले की हात आपोआप तिकडे झुकतो. मी माझे आकडे पाकिटात घातले, झाकणाच्या शिवणीवर सही केली आणि नऊ ऑक्टोबरला पाकीट तुमच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. संस्थेत कुलूप लागणारं कपाट तेवढं एकच होतं आणि किल्ली तुमच्याकडे होती. तीस तारखेला प्रोफेसरांसमोर पाकीट खालच्या कडेनं कापून उघडलं. ठिपके मांडले तर दोरी ताणून लावल्यासारखे. आठवड्यानं मी ते रिकामं पाकीट हातात घेतलं तेव्हा माझ्या सहीचे दोन तुकडे केसभर सरकलेले दिसले. कोणी तरी झाकण सोडवून पुन्हा चिकटवलं होतं.

धूळ गरम होऊन देते तो एक प्रकाश. चुंबकीय क्षेत्रात वेगानं घुमणारे इलेक्ट्रॉन देतात त्या रेडिओ लहरी. या दोघांनी एकमेकांना ओळखावं असं काही कारण मला तेव्हा दिसत नव्हतं. पण तुमच्या हातात किल्ली होती, हे दिसत होतं.

निसर्गात रेषा खरी असेल. पण बरोबर उत्तरसुद्धा शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवता येतं. तुमच्या मापनवह्यांच्या नकला मला हव्या आहेत, तारखांसकट. माझ्या तक्रारीवरून तुम्हाला दोषी ठरवताना चौकशी समितीनं त्या मागितल्या नव्हत्या. मी मागते आहे.

इरिदे तारोत्सी


बोलोन्या, १९ मार्च

श्री. स्कारानी,

पुडकं मिळालं. एकशे बारा पानं आणि वर चिठ्ठी: “तुम्ही? बरं. वह्या घ्या. मुलांचे पेपर तपासायचे आहेत.” शाळेचं नाव छापलेला कागद पाहिला. तुम्ही दक्षिणेत, पुल्यातल्या मोनोपोलीत, वर्गाला त्रिकोणमिती शिकवता हे मला ऐकून ठाऊक होतं, पण छापील कागदावर पाहणं वेगळं.

चार दिवस वह्या घेऊन बसले. कामाला तुम्ही चोख होता आणि आहात, हे कबूल. तुमचं शेवटचं मापन चार ऑक्टोबरचं आहे, म्हणजे माझं पाकीट कपाटात जाण्याच्या पाच दिवस आधीचं. हे वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. मी काय केलं? भिंग आणलं आणि शाई पाहिली. चार तारखेची शाई आधीच्या पानांहून गडद आहे. चाराचा आकडा जाड आहे, जणू आधी दुसरं काही होतं. आणि तीस सप्टेंबरला तुम्ही तापामुळे घरी होता असं मला आठवतं, तरी त्या तारखेला सहा मापनं आहेत. यावर काय म्हणणं आहे?

आणखी एक. फेब्रुवारीत, तबकडी दुरुस्तीनंतर मोकळी होती तेव्हा, मी बारा नव्या दीर्घिका मोजल्या. कोणालाही सांगितलं नाही. प्रोफेसरांना नाही, घरी नाही. उपग्रहाची अवरक्त यादी आता छापून आली आहे, तेव्हा मला तुमच्या आकड्यांची गरज उरलेली नाही. जुळवणी अजून केलेली नाही. करीन.

तुमचं पुडकं टपालवाल्यानं सान्तेच्या हातात दिलं. त्यानं ते वर्कशॉपमधून आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “पुल्यातून तुला कोण एवढं जड लिहितं?” मी म्हटलं, आकडे आहेत. तो हसला आणि म्हणाला, “आकडेच असणार.” माझ्या नवऱ्याचं हे हसणं तुम्ही पाहिलेलं आहे. यापुढे संस्थेच्या पत्त्यावर पाठवा.

इ. तारोत्सी


बोलोन्या, ११ एप्रिल

नेव्हिओ,

अहो-जाहो पुरे झालं. “बाईसाहेबांना कळावे” अशी तू केलेली सुरुवात वाचून मी प्रयोगशाळेत एकटीच हसले, आणि मग फार वेळ हसू आलं नाही.

तीस सप्टेंबरचा खुलासा पटला. ताप अठ्ठावीसला होता. मी स्वतः तुझ्याकडे सूप घेऊन आले होते आणि दुसऱ्या दिवशी तू कामावर होतास. हे मला कसं आठवलं नाही कोण जाणे. तारखा मी हव्या तशा लक्षात ठेवत असेन.

बाराही दीर्घिका जुळवल्या. बाराही रेषेवर आहेत. माझे आकडे, छापील यादीतले आकडे, मध्ये तू नाहीस, कपाट नाही, किल्ली नाही. एका रविवारी दुपारी, बाहेर नाशपातीच्या बागा फुललेल्या, आणि मी पेन्सिलीनं ठिपका मांडते आहे, मांडते आहे, आणि प्रत्येक ठिपका आपल्या जागी जाऊन बसतो आहे. आठव्यानंतर मला वाटायला लागलं की कोणी तरी माझी चेष्टा करतंय.

कारण आता सगळेच सांगतात, आणि तू ते त्या वेळीच सांगत होतास. जड तारे जन्मतात, भोवतीची धूळ तापवतात, तो झाला अवरक्त. तेच तारे थोड्या काळात फुटून मरतात आणि त्यांच्या स्फोटातून सुटलेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी देतात. एकाच घरातले जन्म आणि मरण. मी म्हणत राहिले की दोन साक्षीदार इतकं सारखं बोलतात म्हणजे आधी बसून ठरवलेलं आहे. दोघांनी एकच गोष्ट पाहिली असेल, हा विचार मी समितीपुढे एकदाही बोलून दाखवला नाही.

पण झाकण? झाकण तर सोडवलेलं होतं, नेव्हिओ. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तू म्हणतोस, तुझ्याकडे आलं तेव्हाच ते तसं असेल. म्हणजे तू माझ्यावर संशय घेतोस? मीच माझं पाकीट फोडलं आणि तुला अडकवलं? तू तसं लिहिलेलं नाहीस. पण दोन ओळींमध्ये मोकळी जागा फार सोडली आहेस.

आणि तू विचारतोस की समितीपुढच्या आलेखात त्रेचाळीसच ठिपके का होते. त्याबद्दल आज नको.

प्रोफेसरांकडून मी चौकशीची फाइल मागून घेतली. पाकीट तिच्यात आहे. परत एकदा नीट पाहते.

इरिदे


बोलोन्या, २ मे

नेव्हिओ,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं झालं तसं लिहिते.

सान्तेकडे जुनं लाकूडकाम दुरुस्तीला येतं हे तुला माहीत आहे. वॉर्निश मूळचं की नंतरचं हे पाहायला त्याच्याकडे एक जांभळा दिवा आहे. अंधारात धरला की डोळ्याला सारखे दिसणारे थर वेगवेगळे चमकतात. काल एक मे, सुट्टी. सान्ते कामगारांच्या मिरवणुकीला गेला होता, नंतर मित्रांबरोबर जेवून येणार होता. मी वर्कशॉपच्या खिडक्यांच्या फळ्या ओढून घेतल्या आणि पाकिटाचं झाकण दिव्याखाली धरलं.

कडेला संस्थेच्या पाकिटाचा कारखान्यातला डिंक, मंद पिवळट. त्याच्या वरून दुसरा पट्टा, दुधी निळसर, ब्रशच्या केसांच्या रेघांसकट. मी तो रंग शेकडो वेळा पाहिलेला आहे. खुर्च्यांच्या सांध्यांत, खणांच्या कोपऱ्यांत. तो सरस आहे. सुतारी सरस, जो आमच्या शेगडीवर छोट्या पितळी भांड्यात सतत कोमट होत असतो. तुझ्या खोलीत पेन्सिलीला टोक करायला धड यंत्र नव्हतं, तिथे सरस कुठून येणार?

मी मागे वळले तर सान्ते दारात. कोटाला लाल फूल लावलेलं, ते तसंच होतं. किती वेळ उभा होता माहीत नाही. दिव्याखाली काय आहे हे त्यानं विचारलं नाही.

“पातळ लागला होता,” तो म्हणाला. “घाईत होतो.”

मग त्यानं सगळं सांगितलं, बाकावर बसून, माझ्याकडे न पाहता. ते पाकीट दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात होतं. मी वर फक्त ‘नेव्हिओसाठी’ लिहिलं होतं, आडनाव नाही, संस्था नाही. झाकणावर माझी सही. कुठली बायको सहकाऱ्याला असं पाकीट देते, असं त्याच्या मनात आलं. मी बाजारात गेले असताना त्यानं ते सूपच्या वाफेवर धरलं. आत चार पानं आकडे. त्याला वाटलं, ही काही तरी खूण असणार, भेटीच्या वेळा असणार. त्यानं पहिलं पान उतरवून घेतलं होतं, नेव्हिओ. कितीतरी दिवस तो ते वर्तमानपत्रातल्या रेल्वेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहत होता.

मी विचारलं, चौकशी चालू होती तेव्हा तू गप्प का राहिलास? त्या माणसाची नोकरी जात होती.

“जात होती म्हणूनच,” सान्ते म्हणाला.

पंचवीस वर्षं मी या माणसाबरोबर जेवते आहे. त्याच्या हातच्या खुर्चीचा पाय कधी डुगडुगला नाही. मी त्याच्यावर ओरडले नाही. ओरडायचा हक्क आपल्याला आहे का, हे मी मनात तपासत होते. ते का, हे पुढच्या पत्रात लिहीन.

इरिदे


बोलोन्या, ५ मे

नेव्हिओ,

चव्वेचाळिसावा ठिपका मी काढला.

यादीतली एकतिसावी दीर्घिका. तुझ्या अवरक्त आकड्याप्रमाणे ती जिथे हवी होती, त्याच्या सातपट तेजस्वी ती माझ्या रेडिओत होती. रेषेपासून लांब, एकटी. तिच्या गाभ्यातच काही तरी जागं आहे, ताऱ्यांशी संबंध नसलेलं, आणि रेडिओ तिथून येतो, असं तू लगेच म्हणाला होतास. प्रोफेसर ती वगळूया म्हणत होते. तू नाही म्हणालास. मोजलं आहे तर दाखवायचं, असं तू म्हणालास आणि मला ते आवडलं होतं.

समितीनं आलेख मागितला तेव्हा मी तो घरी पुन्हा काढला. स्वच्छ प्रत, असं मी स्वतःला म्हटलं. एकतीस नंबरवर आले आणि पेन उचललं. माझे आकडे चोरून पाहणाऱ्या माणसानं हा एक आकडा असा का सोडला असता? त्यानं तो सगळ्यात आधी सरळ केला असता. तो ठिपका तुझा वकील होता, आणि मला ते पेन उचलताना पक्कं ठाऊक होतं. समितीतले तिघेही दुसऱ्या विषयाचे. तू ओरडून सांगितलंस की एक कमी आहे, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्या ठिपक्याचं मापन संशयास्पद होतं. ते माझंच मापन होतं. तबकडीवरचं माझं उत्तम मापन.

सान्तेनं झाकण उघडलं, पण तुला दाराबाहेर मी काढलं. तो फक्त गप्प राहिला.

समितीला पत्र लिहिलं आहे. सोबत मूळ आलेख, बारा नव्या दीर्घिका आणि हे सगळं, माझ्या सहीनं. नक्कल तुला जोडते. वाचून तू कदाचित विचार करशील की यातही हिचा काही डाव असणार. विचार कर. मी तुझ्या जागी असते तर तोच केला असता.

इरिदे


बोलोन्या, १४ जून

नेव्हिओ,

तुझी चार ओळींची चिठ्ठी आणि संस्थेचं पत्र एकाच आठवड्यात आलं. आधी संस्थेचं सांगते, कारण त्यांचं पत्र तुला अजून महिनाभर मिळणार नाही. तीच समिती पुन्हा बसली. निकाल रद्द झाला. तुझा लेख छापण्यासाठी नव्यानं पाठवला जाईल, चव्वेचाळीस ठिपक्यांसकट, आणि त्यावर तुझ्या एकट्याचं नाव असेल, ही माझी विनंती त्यांनी मान्य केली. तबकडीचं वेळापत्रक माझ्याकडून काढून घेतलं. सप्टेंबरपासून मी ग्रंथालयात बसेन. प्रोफेसर म्हणाले, “पुढच्या वर्षी विसरतील, बाई.” मी म्हटलं, त्यांनी विसरावं असं मला वाटत नाही. त्यांना ते नाटकी वाटलं असावं.

सान्ते आपण होऊन आला. मी बोलावलं नव्हतं. रविवारचा कोट घालून तो समितीपुढे उभा राहिला, आपण काय केलं ते सांगितलं आणि का ते विचारल्यावर म्हणाला, “मला वाटलं, माझी बायको त्याला लिहिते आहे.” एक सभासद हसला. सान्तेनं तो हसून होईपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं की आता सही कुठे करू.

तू लिहिलं आहेस की परत येणार नाहीस. शाळेतल्या मुलांना गॅलरीतून समुद्र दिसतो आणि त्यांचं लक्ष तुझ्याकडे नसतं, तरी तुला ते चालतं, कारण ती तोंडावर खोटं बोलतात आणि लगेच पकडली जातात. माफ केलंस असं तू लिहिलेलं नाहीस. पण पत्राच्या शेवटी विचारलं आहेस: ठिपका का काढलास? द्वेष होता का? मला कामाचं श्रेय जास्त मिळेल अशी भीती होती का? समितीलाही मी तेवढंच लिहिलं होतं, व्यावसायिक मत्सर. त्यांना ते लगेच पटलं. तुला पटलेलं दिसत नाही.

निकालाच्या संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात जेवायला बसलो. मॉर्ताडेला मांसाच्या चकत्या, पाव, थंड लांब्रुस्को वाइन. मग सान्तेनं विचारलं, अगदी हळू, जसा तो गिऱ्हाइकाला लाकडाचं वय विचारतो तसं.

“एक सांग. खरंच काही नव्हतं?”

“त्याच्या बाजूनं काही नव्हतं,” मी म्हटलं. “त्याला माहीतही नव्हतं.”

“आणि तुझ्या?”

मी हो म्हटलं.

दोन वर्षं, नेव्हिओ. कपाटात पाकीट ठेवायला मी स्वतः वर यायचं काही कारण नव्हतं, शिपायाबरोबर पाठवता आलं असतं. तापात सूप आणायचं कारण नव्हतं. आडनाव न लिहिण्याचंही नव्हतं. घरी सान्तेची नजर माझ्यावर असायची, आणि त्याला चुकीचं ठरवता येईना म्हणून मी रोज त्याच्याशी जास्त चांगली वागायचे. मग ते झाकण दिसलं आणि मला वाटलं, हा माणूस इथून गेला की सगळं थांबेल. मी खरं न बोलता तू दोषी ठरलास तर घर वाचेल. ते पेन मी त्यासाठी उचललं. श्रेयाशी त्याचा काही संबंध नव्हता.

सान्तेनं ग्लास खाली ठेवला. मला वाटलं उठून जाईल. तो म्हणाला, “म्हणजे मी वेडा नव्हतो.” आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. दोन वर्षं अंगात असलेला ताप उतरलेल्या माणसाचा चेहरा होता तो. त्यानं मॉर्ताडेलाची एक चकती घडी घालून पावात ठेवली, पाव माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “खा.” मी खाल्ला. तेव्हापासून आम्ही एका घरात राहतो, एकमेकांना सगळं माहीत असलेली दोन माणसं. हे चांगलं की वाईट, ते अजून कळलेलं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगितलं, आणि हे उत्तर मी दुसऱ्या कोणाला लिहून देणार नाही. त्याला संशय होता आणि तो निम्मा खरा निघाला. मला संशय होता आणि तो मला हवा होता. आमच्या दोघांच्या मधे उभा राहून तू फक्त दीर्घिका मोजत होतास.

इरिदे